दोन कॅव्हिटीचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा : आठ महिने शिसं ओतल्यानंतर

अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर मी इथे ओहायोत नेमबाजीच्या क्लबात जायला लागलो. गेल्या ऑक्टोबरपासून .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या घरीच ओततो. स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे फक्त वाचावं, करून बघू नये.

साचा साधाच घेतला होता: दोन कॅव्हिटी (गोळीच्या आकाराच्या पोकळ्या), १५८ ग्रेनची गोळी, म्हणजे सुमारे सव्वादहा ग्रॅम. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या हाती आलेल्या एका साच्यावरून अख्ख्या कंपनीचा न्याय करणं बरं नव्हे.

इकडे येण्याआधी मी चार वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होतो. तिथे बीड १४०० अंशांच्या आसपास ओतायचो, आणि इथे शिसं तर ३२७ अंशांनाच वितळतं. त्यामुळे हे काम एका दुपारी जमेल असं मला वाटलं होतं. पहिल्या दोनशे गोळ्यांतल्या दीडशे परत भांड्यात गेल्या.

पहिलं दुखणं सुरकुत्यांचं. गोळीच्या अंगावर आडव्या घड्या, जणू दोन प्रवाह एकमेकांना भेटले पण एकजीव झाले नाहीत. फाउंड्रीत याला आम्ही कोल्ड शट म्हणायचो. कारण दोनपैकी एक असतं: साचा थंड, नाहीतर आत तेलाचा अंश. नव्या साच्याला कारखान्यातलं तेल असतंच. मी तो गरम पाण्यात भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने दोनदा घासला आणि पूर्ण वाळवला. मग भांड्याच्या कडेवर ठेवून तापू दिला. तरी पहिल्या आठ-दहा गोळ्या खराब येतातच, त्या न बघता परत टाकायच्या. उलट साचा फार तापला की गोळी दहिवर पडल्यासारखी पांढुरकी दिसते. ती वापरायला ठीक असते, फक्त हात थोडा सावकाश चालवायचा. माझ्या मिश्रणाला, म्हणजे गाडीच्या चाकांना तोलासाठी लावतात ती जुनी शिशाची वजनं आणि शेकडा दोन भाग कथील, ३७० अंश मानवतात.

सगळं मनासारखं व्हायला लागलं ते एका साध्या सवयीने. दोन कॅव्हिटींच्या गोळ्या एकत्र न टाकता दोन वेगळ्या डब्यांत टाकायला लागलो. दोन्ही डब्यांत सारखाच दोष दिसला, तर चूक बहुधा माझी: उष्णता, तेल, ओतायचा वेग. एकाच डब्यात, दर वेळी गोळीच्या त्याच जागी दोष दिसला, तर चूक साच्याची. हे मी पहिल्या दिवसापासून केलं असतं तर नोव्हेंबरचे तीन शनिवार वाचले असते. साच्यावर हत्यार चालवण्याआधी ही परीक्षा करायलाच हवी, कारण कापलेलं अ‍ॅल्युमिनियम परत भरून येत नाही.

या परीक्षेत माझ्या साच्याची दोन खरी दुखणी सापडली. दोन्ही दोन नंबरच्या, म्हणजे मुठीपासून लांबच्या कॅव्हिटीत.

एक, गोळी सुटत नव्हती. साचा उघडला की उजव्या ठोकळ्याला (साच्याच्या उजव्या अर्ध्या भागाला) चिकटून राहायची, मुठीच्या बिजागरीवर लाकडाने पाच-सहा वेळा ठोकल्यावर पडायची. (साच्यावर कधीच ठोकायचं नाही, फक्त बिजागरीवर.) भिंगातून पाहिलं तर कॅव्हिटीच्या कडेला बारीक बर होती, म्हणजे यंत्रावर कापताना उठलेली धातूची धार. बांबूची काडी चपटी तासली, तिला टूथपेस्ट लावली आणि फक्त त्या कडेवरून, तीही बोटाच्या वजनानेच, फिरवली. पॉलिश पेपर लावायचा मोह झाला होता, पण कड गोल झाली की तिथे कायमची पाकळी, म्हणजे जोडातून बाहेर आलेला शिशाचा पातळ पापुद्रा, येत राहते. नंतर दोन्ही कॅव्हिटींना काडेपेटीच्या काडीची काजळी धरली. आता गोळी एका ठोक्यात पडते.

दुसरं दुखणं जास्त चिवट. गोळी गोल नव्हती. जोडाच्या दिशेने मायक्रोमीटर ०.३५८ इंच दाखवायचा, जोडाला काटकोनात ०.३६१. शिवाय शिवणीवर पातळ पाकळी. याचा अर्थ ठोकळे त्या टोकाला पूर्ण मिटत नव्हते. एक नंबरची गोळी जवळजवळ बरोबर यायची, म्हणून फट पुढच्या टोकालाच असणार. दिव्यासमोर धरल्यावर केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. दोन्ही ठोकळे जुळवणाऱ्या पुढच्या गाइड पिनच्या भोकाच्या तोंडाशी धातू वर उचललेला होता, तो मोठ्या ड्रिल बिटने हातानेच हलका फिरवून काढला. मुठीचे स्क्रूही फार आवळलेले होते. ठोकळ्यांना मुठीत किंचित खेळ हवा, तरच ते आपले आपण जागेवर बसतात. आता साचा दर वेळी सपाट लाकडावर टेकवूनच मिटतो. फरक तीन थाउवरून (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दीड थाउवर आला, त्याखाली काही केल्या जात नाही. साइझिंग डायमधून, म्हणजे गोळी दाबून ठरावीक मापाची करणाऱ्या साधनातून, काढल्यावर गोळी गोल होते, पण एका बाजूचं शिसं जास्त दाबलं जातं. पंचवीस यार्डांवर मला ते कागदावर दिसतं. म्हणून दोन नंबरच्या गोळ्या सरावाला आणि एक नंबरच्या स्पर्धेला.

गोळीच्या बुडाच्या कडा गोलसर येत होत्या, तेही साच्याचंच दुखणं वाटलं होतं, पण ते माझं निघालं. मी स्प्रू प्लेट, म्हणजे ओतायचं भोक असलेली आणि वरचं जास्तीचं शिसं (स्प्रू) कापणारी साच्यावरची पट्टी, घट्ट आवळली होती. वाळूचा साचा श्वास घेतो, धातूचा घेत नाही. ठोकळ्यांच्या तोंडावरच्या बारीक रेघा आणि प्लेटखालची किंचित फट एवढीच हवेला वाट असते. स्क्रू इतका सैल केला की प्लेट स्वतःच्या वजनाने झुलते, आणि बुडं धारदार यायला लागली. प्लेट घाईने कापली तर मऊ शिसं ठोकळ्याच्या माथ्यावर सारवलं जातं, म्हणून स्प्रू मळकट झाल्यावर मी पाच आकडे मोजतो.

वजनाचा हिशेब: सुरुवातीला गोळ्या १५२ ते १५८ ग्रेन यायच्या, आता १५६.५ ते १५८.

कच्च्या मालाबद्दल एक इशारा. चाकांच्या वजनांत हल्ली जस्ताची वजनं मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून वजनं वितळवताना मी ४०० च्या वर जात नाही. जस्ताचे तुकडे तरंगतात, ते काढून टाकतो. गाडीच्या बॅटरीतलं शिसं घरी कधीही वितळवू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतात. शिशाची ओली वीट किंवा ओला चमचा वितळलेल्या शिशात गेला तर पाण्याची वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. काठावर वाळवल्याशिवाय मी काहीच आत टाकत नाही.

घरात आमची पाच वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे हे सगळं मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, दार उघडं ठेवून चालतं. वितळलेल्या शिशावर जमणारी राख ही सगळ्यांत वाईट, कारण तिची धूळ होते. ती झाकणाच्या डब्यात जाते. कामाचे कपडे आणि बूट शेडमध्येच राहतात. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. तिची आणि माझी तपासणी जानेवारीत केली, ऑगस्टमध्ये पुन्हा करायची आहे. तिचा आकडा जरा जरी चढला तर भट्टी बंद, हे बायकोशी बोलून आधीच ठरवलं आहे.

हा साचा पुन्हा घेईन का? शिकायला घेईन. अ‍ॅल्युमिनियम लवकर तापतं, हलकं असतं, गंजत नाही. स्पर्धेसाठी मात्र लोखंडी साचा मागवला आहे. गेल्या मंगळवारी तो आला, तेलाने निथळत. शनिवारी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसायचं आहे, आणि दोन डबे आधीच १ आणि २ लिहून ठेवले आहेत.