जुनाच लॅपटॉप रेकॉर्डिंगला लावायचा की सरळ मॅक मिनी (अ‍ॅपलचा छोटा डेस्कटॉप) घ्यायचा?

गणपतीच्या आधी कुणीतरी हमखास विचारतं, घरीच आरत्या नि भजनं रेकॉर्ड करतोय पण लॅपटॉप मध्येच टक टक करतो, आवाज तुटतो, नवीन घेऊ का? मी उलट विचारतो, तुम्ही माईकसमोर गाताय की कीबोर्ड वाजवून कॉम्प्युटरमधले आवाज काढताय? कारण उत्तर तिथेच फिरतं.

माईकवालं काम कॉम्प्युटरला फार जड नसतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या सेटिंगला एक मोनो ट्रॅक (एका माईकचा आवाज) मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो, म्हणजे गळा, पेटी, तबला, झांजा असे चार ट्रॅक एकदम घेतले तरी जुनी हार्ड डिस्कसुद्धा झेपवते. मग टक टक कुठून येते? बहुतेकदा ड्रायव्हरमधून, म्हणजे वायफाय, साउंड असे भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमधून. माझ्याच लॅपटॉपवर तीन चांगले टेक वाया गेले, मी रॅमला शिव्या घालत बसलो आणि निघालं काय तर वायफायचा ड्रायव्हर. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते बऱ्यापैकी कळतं. मग रेकॉर्डिंगपुरतं वायफाय-ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, आणि ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) ज्या कंपनीचा, तिचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका, विंडोजचा साधा नको. सगळं फुकटात.

आता बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज पुढे पाठवण्याआधी साठवतो तो छोटा तुकडा; मोठा ठेवला तर आवाज कमी तुटतो, पण उशिरा येतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७, आणि एवढा उशीर फक्त बफरचा हं, जाता-येता तो दोनदा लागतो, वर इंटरफेसचा वेगळा. गायकाला याची चिंता नाही, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला येतो, बफर ५१२ ठेवा नि निवांत गा. कीबोर्डवाल्याला मात्र ही सोय नाही, त्याचा आवाजच कॉम्प्युटर बनवतो, म्हणून बफर खाली आणावा लागतो आणि तिथे जुन्या प्रोसेसरची दमछाक होते. मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच) लोड करायला एसएसडी हवी नि रॅम १६ जीबी तरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण तसा पत्ता विचारला तर लोक तोंडाकडे बघतात) दोन्ही बसवून मिळतात, फक्त आधी खात्री करा की तुमच्या मॉडेलमध्ये रॅम बदलता येते, हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच चिकटवलेली असते.

मॅक मिनीचं म्हणाल तर एम४ चिपवाला नोव्हेंबर २०२४ ला आला, तेव्हा भारतात ५९,९०० पासून, त्यात १६ जीबी मेमरी नि २५६ जीबी स्टोरेज. कोअर ऑडिओ, म्हणजे अ‍ॅपलची आवाजाची यंत्रणा, सिस्टिममध्येच असल्यामुळे बरेच इंटरफेस नुसते लावले की चालतात, ड्रायव्हरची शोधाशोध नाही, गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट येतं. आणि तो जवळजवळ मुका आहे, हे मला फार मोठं वाटतं, कारण जुन्या लॅपटॉपचा फॅन तापला की नेमका हळू आलापात माईकमध्ये शिरतो. पण स्क्रीन, कीबोर्ड, माउस घरात नसेल तर तो खर्च वेगळा, मेमरी नंतर वाढवता येत नाही म्हणजे नाहीच, आणि २५६ जीबी लगेच भरते, बाहेरून एसएसडी जोडावी लागते.

लॅपटॉपचा एक फायदा कुणी मोजत नाही. जुन्या चाळीत अर्थिंगचा पत्ता नसतो, चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूंऽऽ सुरू. चार्जर काढून बॅटरीवर घ्या, बऱ्याचदा थांबतं. मात्र बॅटरीवर विंडोज स्वतःहून वेग कमी करतं, ती सेटिंग बदला. शिवाय तो उचलून भजनी मंडळात नेता येतो, मिनीला बॅटरीच नाही, लाईट गेली की टेक गेला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यावर चालणारा जुना लॅपटॉप ठेवणार असाल तर तो फक्त रेकॉर्डिंगला ठेवा, बँकेचं काम त्यावर नको.

माझं विचाराल तर आरत्या-भजनांसाठी साठ हजार घालू नका, आधी बरा इंटरफेस नि माईक घ्या. स्ट्रिंग्स, ड्रम सगळं कीबोर्डवर वाजवणार असाल तर मात्र जुन्यात पैसे ओतत बसू नका, मिनीच घ्या. बाकी खिडकीखालून लोकल जात असेल तर दोन्हीत ती सारखीच ऐकू येणार, गादी लावा खिडकीला.