दूर राहावे की सामील व्हावे : वादविवादासाठी बाजू निवडताना

'शांतता राखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांपासून राष्ट्राने दूर राहणेच हिताचे' हा विषय विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेत आला, तर बोलावे कोणत्या बाजूने? ज्या विद्यार्थ्याला हे ठरवायचे आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

अनुकूल बाजू घेणारे बहुधा अमेरिकेच्या उदाहरणावर भर देतात आणि तिथेच अडकतात. पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) सनदेतील 10 व्या कलमाने प्रत्येक सदस्यावर इतर सदस्यांच्या सीमांचे परकीय आक्रमणापासून रक्षण करण्याची जबाबदारी टाकली होती, आणि युद्धाचा निर्णय अमेरिकी काँग्रेसच्या हातून निसटेल हा सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांचा आक्षेप मुळीच पोकळ नव्हता. मात्र अमेरिका सर्वस्वी विरोधात होती, हे विधान टिकत नाही. 19 मार्च 1920 रोजी ही सनद ज्यात होती तो व्हर्सायचा करार लॉज यांच्या अटींसह सिनेटमध्ये मतदानाला आला तेव्हा बाजूने 49 आणि विरोधात 35 मते पडली. दोन-तृतीयांश बहुमताला केवळ सात मते कमी पडली. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्या अटी नाकारल्या नसत्या, तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता मोठी होती. म्हणजे बहुसंख्य सिनेटरांना अटींवर का होईना, आत जाणे मान्य होते.

अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर राहिल्याने काय झाले? 1931 मध्ये जपानने मांचुरियात सैन्य घुसवले आणि 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. इटलीवर निर्बंध लादले गेले, पण तेल त्यांतून वगळले गेले, आणि संघाबाहेरची अमेरिका तेल विकतच राहील ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. ब्रिटन आणि फ्रान्स यांची कचखाऊ वृत्तीही तितकीच जबाबदार होती, हे प्रतिकूल वक्त्याने प्रामाणिकपणे सांगावे; सगळा दोष अमेरिकेवर ढकलणे अन्यायाचे होईल.

अनुकूल बाजूचे खरे बळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. संयुक्त राष्ट्रांचे युरोपातील मुख्यालय जिनिव्हात असूनही तो देश 2002 पर्यंत सदस्य नव्हता. 1986 च्या सार्वमतात सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी सदस्यत्व नाकारले, तर 1994 मध्ये शांतिसेनेसाठी सैनिक देण्याचा प्रस्तावही फेटाळला. तरीही रेड क्रॉसची जन्मभूमी असलेला हा देश जगाच्या दुःखाकडे पाठ फिरवून बसला नव्हता. दूर राहणे म्हणजे बेपर्वाई नव्हे, हे यातून ठामपणे मांडता येते. फक्त 1815 पासून युरोपने मान्य केलेली तटस्थता इतर देशांच्या वाट्याला आलेली नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

भारताने तिसरा मार्ग घेतला : सामील व्हायचे, पण सैन्य स्वतःच्या संमतीनेच द्यायचे. कोरियातील युद्धकैद्यांचा प्रश्न हाताळणाऱ्या तटस्थ आयोगाचे अध्यक्षपद 1953 मध्ये जनरल थिमय्या यांच्याकडे होते. 1961 मध्ये काँगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. शांतिसेनेच्या मोहिमांत आजवर दीडशेहून अधिक भारतीयांनी प्राण गमावले आहेत. ही किंमत कमी लेखणारा वक्ता मला मान्य होणार नाही. पण सरकारच्या संमतीवाचून संयुक्त राष्ट्रे एकही भारतीय सैनिक शांतिसेनेत नेऊ शकत नाहीत, त्यामुळे लॉज यांची 1919 मधली मुख्य भीती इथे लागू पडत नाही. 2003 मध्ये इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती भारताने नाकारली, ती संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे कारण देऊनच.

विदर्भातल्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट चटकन पटेल. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचा भाव गगनाला भिडला आणि युद्ध संपताच कोसळला. त्या युद्धाशी वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता, तरी त्याची झळ त्याच्या घरापर्यंत पोचली; म्हणजे दूर राहिल्याने युद्धाची झळ टळतेच असे नाही.

माझा कौल प्रतिकूल बाजूला, म्हणजे अटी घालून सामील होण्याला आहे. ती घेणाऱ्याने 1994 च्या रुवांडाचे उत्तर मात्र तयार ठेवावे, कारण तिथे शांतिसेना हजर असतानाही सुरक्षा परिषदेने तिचे बळ वाढवण्याऐवजी घटवले आणि लाखो माणसे मारली गेली. संघटना असणे पुरेसे नसून सदस्यांनी तिला वेळेवर सैनिक आणि अधिकार द्यावे लागतात, हाच मुद्दा तिथे नेटाने मांडावा लागेल.