केएसक्यूएलडीबी : काफ्काच्या प्रवाहावर एसक्यूएल

अपाचे काफ्का या घटनांच्या नोंदी सतत पुढे पाठवणाऱ्या प्रणालीतून वाहणारी माहिती एसक्यूएल या डेटाबेसच्या प्रश्नभाषेने हाताळू देणारे केएसक्यूएलडीबी हे साधन जावा न लिहिणाऱ्या विश्लेषकांसाठी खरोखर उपयोगी आहे. नेहमीच्या डेटाबेसच्या जागी मात्र ते वापरू नये. कॉन्फ्लुएंट कंपनीने 2017 मध्ये ते केएसक्यूएल या नावाने आणले आणि 2019 मध्ये त्याला आताचे नाव दिले. (पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असून त्याआधी लिंक्डइनमध्ये काफ्का घडवणाऱ्यांतही त्या होत्या, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.)

एकाच कार्डावर पाच मिनिटांत तीनपेक्षा अधिक व्यवहार नाकारले गेले तर सूचना हवी, असे समजा. काफ्का स्ट्रीम्स ही जावा लायब्ररी वापरून यासाठी स्वतंत्र जावा प्रोग्राम लिहावा आणि चालवावा लागतो. केएसक्यूएलडीबीत टॉपिकवर (काफ्कातील एका विषयाच्या नोंदींवर) एक स्ट्रीम घोषित करून ग्रुप बाय, हॅविंग आणि टम्बलिंग विंडो (ठरावीक लांबीचे कालखंड) असलेली एक क्वेरी पुरते. पण टम्बलिंग विंडो एकमेकींना लागून असतात. दोन व्यवहार एका विंडोच्या शेवटी आणि दोन पुढच्या विंडोच्या आरंभी नाकारले गेले, तर चारही मिळून सूचना येत नाही. अशा कामासाठी एकमेकींवर चढणाऱ्या हॉपिंग विंडो घ्याव्यात आणि उशिरा पोहोचणाऱ्या नोंदींसाठी ग्रेस पिरियड (विंडो संपल्यावरही वाट पाहण्याचा अवधी) विचारपूर्वक ठरवावा. एसक्यूएल येत असले तरी काळाचा हा विचार नव्याने शिकावा लागतो, आणि माझ्या मते या साधनाची खरी कसोटी तेथेच आहे.

'इमिट चेंजेस' (बदल होताच निकाल पाठवा) हे शब्द लावलेली क्वेरी आपण थांबवेपर्यंत चालत राहते आणि मूळ सेटिंगनुसार केवळ नव्या नोंदी वाचते. जुन्या नोंदी हव्या असतील तर वाचन कोठून सुरू करायचे हे ठरवणाऱ्या ऑफसेट रीसेट या सेटिंगचे मूल्य 'अर्लिएस्ट' करावे लागते. नवशिक्यांना रिकामा पडदा दिसतो तो बहुधा यामुळेच. टेबलची सद्यःस्थिती विचारणाऱ्या पुल क्वेरीत जॉइन चालत नाही, तसेच ऑर्डर बायची सोयही नाही. दोन स्ट्रीम जोडताना वेळेची मर्यादा सांगावी लागते आणि दोन्ही टॉपिकांची पार्टिशनसंख्या (टॉपिक ज्या भागांत विभागलेला असतो त्यांची संख्या) सारखी असावी लागते, त्यामुळे टॉपिक आखतानाच पुढील जॉइनचा विचार करणे हिताचे.

बेरजा आणि मोजण्या सर्व्हरच्या डिस्कवर रॉक्सडीबी या अंतर्गत साठ्यात राहतात व त्यांची प्रत काफ्कातील चेंजलॉग (बदलांची नोंद ठेवणाऱ्या) टॉपिकमध्ये जाते. सर्व्हर बंद पडला तरी माहिती परत उभी राहते. साठा मोठा असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून महत्त्वाच्या कामासाठी दुसऱ्या सर्व्हरवर स्टँडबाय (तयार) प्रत ठेवावी.

2023 मध्ये कॉन्फ्लुएंटने इमेरॉक ही अपाचे फ्लिंक या प्रवाही माहिती हाताळणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर काम करणारी कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर कॉन्फ्लुएंटचा भर फ्लिंककडे वळला. शिवाय केएसक्यूएलडीबी कॉन्फ्लुएंटच्या कम्युनिटी परवान्याखाली आहे, तर फ्लिंकला अधिक मोकळा अपाचे परवाना आहे. केवळ काफ्का असलेल्या लहान गटाने गाळणे, मोजणे आणि माहिती समृद्ध करणे (तिच्यात इतर स्रोतातील तपशील जोडणे) एवढ्यासाठी केएसक्यूएलडीबी निःसंकोच वापरावे. दीर्घ पल्ल्याचा नवा प्रकल्प उभारणाऱ्यांनी मात्र आधी फ्लिंक एसक्यूएल तपासावे, असा माझा आग्रह आहे.