सभामंडपातला सातबारा : अमळनेरच्या एका मदतकेंद्राचा अनुभव

वडिलांच्या निधनानंतर वारस नोंदीचे कागद जुळवताना मी अमळनेरच्या आमच्या वस्तीतील ज्येष्ठांच्या विनामूल्य मदतकेंद्रात तीन वेळा गेलो. हे केंद्र दर रविवारी सकाळी 9 ते 11 मंदिराच्या सभामंडपात भरते. एका टेबलाशी तिघे बसतात : निवृत्त तलाठी, बँकेतील निवृत्त रोखपाल आणि मोडी वाचणारे गुरुजी. ‘बठ भाऊ, पयले कागद दखाड,’ एवढ्या अहिराणी स्वागतानंतर थेट काम सुरू होते.

तलाठीआप्पांनी 7/12 हाती घेताच नाव किंवा क्षेत्र पाहण्याआधी वर्तुळांतले फेरफार क्रमांक (हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक) पाहिले आणि सर्वांत जुन्या फेरफाराची नक्कल काढून आणण्यास सांगितले. ती मोडीत निघाली. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत आणि शब्दही सुटे लिहीत नाहीत. त्यामुळे पैसे मोजून बाहेरून करून आणलेल्या लिप्यंतरात जे नाव पणजोबांचे म्हणून आले होते, ते त्यांच्या चुलतभावाचे असल्याचे गुरुजींनी भिंगाखाली ओळ दोनदा वाचून दाखवले. तेच नाव घेऊन अर्ज गेला असता, तर हरकतींचे गुऱ्हाळ वर्षभर चालले असते. वारसाहक्काची माहिती 3 महिन्यांत द्यायची असते, हेही आप्पांनीच बजावले. घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते.

टेबलाची रोखपालनानांची बाजू नोव्हेंबरात गजबजते, कारण निवृत्तिवेतनधारकांना तेव्हा हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाना तो मोबाइलवर चेहरा टिपून करून देतात. (म्हाताऱ्यांना मोबाइल जमत नाही असे म्हणणाऱ्या आमच्या मुलांनी एकदा येऊन पाहावे.)

उणिवाही आहेत. क्रमांकाची चिठ्ठी नसल्याने ओळखीचा माणूस पुढे सरकतो, पायऱ्यांना कठडा नाही, आणि ऑनलाइन अर्ज मात्र आपला आपणच भरावा लागतो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे गुरुजींच्या शेजारची खुर्ची. ती शिकणाऱ्यासाठी ठेवलेली आहे, पण तिन्ही रविवारी तिच्यावर पिशव्याच दिसल्या.

जाणाऱ्यांनी मूळ कागदांसोबत छायाप्रती न्याव्यात आणि दहाच्या आत पोहोचावे. मोबदला विचारू नये. मी विचारला, तर आप्पांनी उलट मलाच चहा पाजला.