एनर्जी ऑडिट: कॉम्प्रेसर रूमला पैकीच्या पैकी, मोटरींच्या तक्त्यात नापास

सेवा: सविस्तर ऊर्जा लेखापरीक्षण. जागा: एमआयडीसीतला मध्यम आकाराचा यंत्रभागांचा कारखाना, उच्चदाब जोडणी, मशीनिंग आणि पावडर कोटिंगची लाइन, गरम पाण्यासाठी ब्रिकेटवर (दाबून केलेल्या कचरा-भुशाच्या कांड्यांवर) चालणारा छोटा बॉयलर. ऑडिट फर्मचे नाव देत नाही. अहवालावर बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाची सही आहे. कारखाना ‘नामनिर्दिष्ट ग्राहक’ (जास्त ऊर्जा वापरणारे, सरकारने अधिसूचित केलेले) वर्गात बसत नाही, त्यामुळे ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 खालची सक्ती नव्हती. ऑडिट स्वखुशीने करून घेतले. फी ठरावीक रकमेची होती. बचतीच्या टक्क्यावर फी ठेवली की अहवालातली बचत फुगते, म्हणून हेच बरे.

कॉम्प्रेस्ड एअरचे काम उत्तम. लीकेज टेस्ट साप्ताहिक सुट्टीला, सगळी यंत्रे बंद ठेवून झाली. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) असलेला कॉम्प्रेसर बाजूला ठेवून 37 किलोवॅटचा फिक्स्ड स्पीड स्क्रू चालवला. हा बारकावा बरेच जण विसरतात: व्हीएफडी मशीन वेग कमी-जास्त करून दाब सांभाळते, लोड-अनलोडच्या फेऱ्या नीट होत नाहीत आणि स्टॉपवॉचने काढलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. अनेक फेऱ्यांची सरासरी निघाली 1 मिनिट लोड (हवा भरणे), 3 मिनिटे अनलोड (नुसते फिरणे). यंत्रे बंद, म्हणजे भरलेली सगळी हवा गळतीची. म्हणजे गळती 25 टक्के. 220 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) मशीनवर 55 सीएफएम नुसती हवेत. सीएफएममागे 0.18 किलोवॅट धरले तर जवळपास 10 किलोवॅटचा भार, कोणतेही काम न करता.

कॉम्प्रेसरची खरी क्षमता रिसीव्हर (हवेची टाकी) भरण्याच्या वेळेवरून काढली. टाकीच्या आकारमानात व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपचे आकारमान मिळवले होते आणि टाकीतल्या गरम हवेसाठी तापमानाची दुरुस्तीही लावली होती. ती न लावता मशीन आहे त्यापेक्षा चांगले दाखवणारे अहवाल कमी नाहीत. मग चालू शिफ्टमध्ये अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घेऊन प्रत्येक गळतीवर टॅग लावले. बहुतेक गळत्या एफआरएलच्या (यंत्राआधीचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) वाट्या, क्विक कपलिंग, पीयू ट्यूबचे पुश फिटिंग आणि अडकलेल्या ऑटो ड्रेनवर सापडल्या, मुख्य लाइनवर फारच थोड्या. सेट प्रेशर 7.5 बार, यंत्रांची गरज 6 बार, आणि चोक झालेल्या एका फिल्टरवरच 0.6 बारचा ड्रॉप. 1 बार कमी केला की वीज साधारण 6 ते 10 टक्के वाचते. म्हणून आधी फिल्टर बदला, मग सेटिंग टप्प्याटप्प्याने उतरवा, हा त्यांचा सल्ला क्रमासकट योग्य.

फक्त गळतीच्या 10 किलोवॅटसाठी वर्षाचे तास 8,760 धरले. सुट्टीला कॉम्प्रेसर बंदच असतात. 300 दिवसांचे 7,200 तास घेतले की 87,600 युनिटची बचत 72,000 वर येते.

मोटरींचा विभाग मात्र टाकाऊ. टाँग टेस्टरने अँपिअर मोजायचे, नेमप्लेटवरच्या अँपिअरने भागायचे आणि त्याला ‘लोडिंग’ म्हणायचे. भार उतरला तरी मोटरचा चुंबकीय प्रवाह तसाच राहतो. रिकामी मोटरही पूर्ण प्रवाहाच्या 30 ते 40 टक्के ओढू शकते. त्यामुळे निम्मा प्रवाह दिसणारी मोटर प्रत्यक्षात पाव भारावर असू शकते. तिथे आयई3 (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातली) मोटर घालण्याआधी लहान मोटर किंवा कायमचे स्टार कनेक्शन पाहायला हवे. त्यांनी सरसकट बदली सुचवली, दिवसातून दोन तास चालणाऱ्या कूलंट पंपांसकट! जुन्या मोटरची एफिशियन्सीही मोजली नव्हती, अंदाजाने धरली होती.

पॉवर अॅनालायझरची चूक यापेक्षा गमतीची. कोटिंग लाइनच्या पॅनेलवर एक सीटी (प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटी बसली होती. तीन फेजवर भार सारखा असेल तर दोन फेज अधिक, एक उणे, आणि एकूण किलोवॅट बरोबर एक तृतीयांश दिसतात. अहवालात तोच आकडा छापला. सगळ्या विभागांची बेरीज आम्ही करून मुख्य इनकमरशी (कारखान्यात वीज येते त्या पॅनेलशी) ताडली तेव्हा मोठी तूट दिसली आणि मगच ते उघडकीला आले. ही बेरीज ऑडिटरने स्वतः करायला हवी. 5 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर जागा सोडायचीच नाही.

बॉयलरवर फ्लू गॅसमध्ये ऑक्सिजन 14 टक्के, म्हणजे 200 टक्के जादा हवा, असे पहिले मोजमाप आले. प्रोब आयडी फॅननंतर (धूर ओढणाऱ्या पंख्यानंतर) लावला होता. तिथपर्यंत डक्टच्या फटींतून बाहेरची हवा मिसळते. बॉयलरच्या आउटलेटला लावल्यावर 9 टक्के आला, जादा हवा 75 टक्के. डॅम्पर आणि डक्टच्या फटी ही दोन वेगळी कामे आहेत हे त्यामुळे कळले. चूक दाखवल्यावर त्याच दिवशी फेरमोजणी झाली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

वीजबिलाचे प्रकरण जुन्या अहवालातून उचललेले वाटते. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) सुधारल्यास बिलात सवलत मिळेल, असे त्यात लिहिले होते. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरलेल्या युनिटवर) बिल येते. ती वेगळी सवलत गेली. आता खरा धोका लीडिंगचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर जोडलेले राहण्याचा. सुट्टीला भार नसताना कपॅसिटर बँक लाइनवर राहिली की केव्हीएएच उगाच वाढतात. इनकमरच्या लॉगमध्ये हे स्पष्ट दिसत होते, पण अहवालात त्यावर एक ओळही नाही.

एकूण बचतीचा तक्ता सरळ बेरजेचा आहे. गळती थांबवली की कॉम्प्रेसरवरचा भार घटतो, मग प्रेशर उतरवण्याची आणि नव्या व्हीएफडीची बचत त्या उरलेल्या भारावर काढायची असते. तसे केले तर व्हीएफडीचा परतावा बराच लांबतो.

हॉस्पिटल, कॉलेज किंवा सरकारी कार्यालयासाठी ऑडिट घेणाऱ्यांनी चिलरची मोजणी अशीच तपासावी. टनेज (थंड करण्याची क्षमता) निघते ते पाण्याचा प्रवाह आणि पाण्याच्या तापमानातल्या फरकावरून. फरक 3 अंशांचा असताना दोन थर्मामीटर मिळून 1 अंश चुकले तर टनेज तिसऱ्या हिश्शाने चुकते. दोन्ही थर्मामीटर आधी एकाच पाण्यात बुडवून जुळवून घ्यायला सांगा. क्लॅम्प-ऑन फ्लोमीटर एल्बोला चिकटून लावू देऊ नका. आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप हवा.

वर्क ऑर्डरमध्ये इतके लिहून घ्या: लॉगरच्या मूळ फाइली, उपकरणांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे, विभागवार बेरजेचा इनकमरशी ताळा, प्रत्येक यंत्राचे चालू तास आमच्या नोंदीतून, आणि शेवटचा हप्ता सुधारित अहवालानंतर. फर्म शोधताना महाऊर्जाच्या (राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाच्या) पॅनेलवरची यादी आधी पाहावी.

गुण: कॉम्प्रेस्ड एअर 5 पैकी 5, बॉयलर 3, वीजबिल 2, मोटरी 1. पुढचे कॉम्प्रेसरचे काम याच फर्मला देऊ. मोटरींसाठी किलोवॅट मोजणारा दुसरा माणूस बोलवू.