अहिंसा सिल्कची साडी: सहा महिने वापरल्यावर

आईच्या एकसष्टीला साडी घ्यायची होती आणि तिने आधीच बजावून ठेवलं होतं की पैठणी नको, कुठलंच रेशीम नको, आता या वयात हजारो जीव उकळून काढलेलं काही अंगावर नको. शेजारच्या जैन काकूंची वीस वर्षांची संगत, त्या रेशमाला हात पण लावत नाहीत. मग एका हातमाग प्रदर्शनात 'अहिंसा सिल्क' अशी चिठ्ठी लावलेली साडी दिसली आणि मी लगेच घेतली, साडेनऊ हजार, ब्लाउजपीससकट. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण ही चिठ्ठी आता खूप ठिकाणी दिसते.

आधी साडीबद्दल सांगते. मोतिया रंग, मेंदी काठ. नेहमीच्या रेशमाची चमक नाही, सळसळ नाही, हात फिरवला की बारीक बारीक गाठी लागतात, सुती आणि लोकर यांच्या मधलंच काहीतरी वाटतं. निऱ्या अजिबात घसरत नाहीत. थंडीत मस्त ऊब, मे महिन्यात मात्र नेसवत नाही. पदराचा एक सुटा धागा जाळून पाहिला, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली, म्हणजे रेशीम खरं आहे. रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतली, रंग गेला नाही. साडीला पैकीच्या पैकी.

आता चिठ्ठीबद्दल. काउंटरवरच्या ताईंना विचारलं की अहिंसा म्हणजे नक्की काय, तर म्हणाल्या, फुलपाखरू उडून जातं आणि मग आम्ही कोश घेतो. ऐकायला छान वाटतं, पण तुतीच्या रेशमाचा पतंग उडूच शकत नाही, माणसाने इतकी हजारो वर्षं पाळलाय त्याला, त्याला खाता पण येत नाही, बाहेर पडतो, जोडी जमते, अंडी घालतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. नेहमीच्या रेशमात त्याला एवढंही मिळत नाही, कोशातच उकळत्या पाण्याने नाहीतर वाफेने मारतात, कारण कोश फोडून बाहेर आला की तो सलग लांब धागा तुटतो. माजी राष्ट्रपती वेंकटरामन यांच्या पत्नी जानकीबाईंनी न मारता काढलेलं रेशीम मिळेल का असं विचारलं आणि त्यावरून हैदराबादचे, हातमाग क्षेत्रातले कुसुमा राजय्या कामाला लागले. पतंग बाहेर पडू द्यायचा, मग फुटका कोश कापसासारखा कातायचा. म्हणून त्या कापडाला चमक कमी आणि किंमत जास्त. पण एकेक मादी तीन-चारशे अंडी घालते, त्या सगळ्या अळ्यांना तुतीचा पाला कोण घालणार? उपाशी मेल्या तर ते कोणाच्या खात्यात?

दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी चौकशी करून सांगितलं की माझी साडी तुतीची नाहीच, आसामच्या एरीची आहे. एरंडाच्या पाल्यावर वाढणारी अळी, कोशाला एका बाजूने तोंड उघडंच असतं, त्यामुळे मारायची गरज नसते हे खरं आहे. पण तिकडे ती आतली अळी आवडीने खातात, बाहेर काढून शिजवतात. मी बोंबील खाते, आसामच्या बायकांना काय बोलणार? फक्त मग चिठ्ठीवर अहिंसा लिहू नका ना, सरळ एरी लिहा, आम्ही काय ते ठरवू.

मला खरा राग आला तो मागे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईकाचा. अहो किड्याचा जन्मच तेवढा, त्याचे भोग तो भोगतो, आपण कशाला मनाला लावून घ्यायचं? हे वाक्य मी माणसांबद्दल पण ऐकलंय. ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २००३ मध्ये आपल्या रेशीम धंद्यातल्या वेठबिगार मुलांवर अहवाल काढला होता, गरम पाण्यातल्या कोशांचं टोक शोधणारी लहान लहान बोटं, भाजलेली, सुजलेली. त्यांना पण कोणीतरी नशीब म्हटलंच असेल. कर्म हा शब्द दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सांगायला वापरला की माझं तर डोकंच फिरतं. काकू म्हणतात करण, करावण, अनुमोदन, स्वतः केलं, करवून घेतलं की कोणी केल्यावर बरं झालं म्हटलं, फळ सारखंच. योगसूत्रांत पण हिंसा अशीच तीन प्रकारची सांगितलीय. म्हणजे भट्टीजवळचा एकटा दोषी आणि साडेनऊ हजार मोजणारी मी मोकळी, असं होत नाही. तो पोटासाठी करतो, मी हौसेसाठी, तेव्हा माझ्याच बाजूला जरा जास्त पडायला हवं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, लपवलं नाही. ती बराच वेळ काठावरून बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, खाल्लं ना कोणीतरी, वाया नाही ना गेलं, नेसते. काकूंनी लांबूनच बघितली, रंग छान आहे म्हणाल्या, हात नाही लावला.

दुकानदारांना मेसेज केला की चिठ्ठी बदला आणि अळीचं काय होतं ते गिऱ्हाईकाला सांगा. बघतो म्हणाले. परवा त्यांचा स्टॉल परत लागला होता, चिठ्ठी तीच, ताई त्याच, फुलपाखरू अजून उडून जातंय. साडीला पाच स्टार, दुकानाला दोन. घ्यायची असेल तर एरी म्हणून मागा आणि फॉल पिको बाहेरून करून घ्या, त्यांचा महिन्याभरात उसवला.