कॅन्सरसाठी जंताच्या गोळ्यांचं ‘किट’: नागपुरातल्या रुग्णांची फसवणूक कशी होते

उमरेडकडच्या एका कुटुंबाने वडिलांच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून एक ‘किट’ मागवलं. केमो चालू होती. विकणाऱ्याने ती बंद करायला सांगितली नाही. ‘सोबत घ्या, फक्त डॉक्टरांना बोलू नका’ एवढंच बजावलं. नागपूरला उपचारासाठी येणाऱ्या घरांकडून हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. पैसे तर जातातच, पण खरा घात याच वाक्याने होतो.

पाकिटात आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाच्या 12 मिलीग्रॅम गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. बॅच नंबर आणि छापील किंमत ब्लेडने खरवडलेली. एका डबीत पांढऱ्या पावडरच्या कॅप्सूल, वर पेनाने ‘फेनबेन’ लिहिलेलं. फेनबेंडाझोल हे कुत्र्यांना, गुरांना द्यायचं जंताचं औषध. माणसांसाठी त्याला मंजुरीच नाही. मूळ डब्यावर ‘फक्त जनावरांसाठी’ अशी सूचना असते. पावडर कॅप्सूलमध्ये भरली की ती सूचनाही गेली. बिल नाही. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात.

सोबत डोसचा तक्ता होता: रोज दर किलो वजनामागे 1 मिलीग्रॅम आयव्हरमेक्टिन. 60 किलोच्या माणसाला दिवसाला पाच गोळ्या. जंतासाठी नेहमीचा डोस किलोमागे 0.2 मिलीग्रॅम, तोही बहुतेक वेळा एकदाच. म्हणजे सगळी मिळून एक गोळी. जास्त डोसाने चक्कर येते, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो, झटकेही येऊ शकतात.

लोक फसतात ते शोधनिबंधाला. विकणारा निबंध पाठवतो आणि तो निबंध खरा असतो. प्रयोगशाळेतल्या बशीत आयव्हरमेक्टिनने कॅन्सरच्या पेशी मेल्या, हे खोटं नाही. पण त्यासाठी लागणारं प्रमाण बघा. अशा प्रयोगांत साधारण 5 मायक्रोमोलर औषध वापरतात, म्हणजे मिलीलिटरमागे 4,000 नॅनोग्रॅमहून जास्त. 12 मिलीग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तात उतरतं मिलीलिटरमागे 50 नॅनोग्रॅमच्या आसपास. फरक ऐंशी-शंभर पट. बशीत पेशी मारणारी औषधं ढिगाने सापडतात. माणसाच्या शरीरात तेवढं प्रमाण सुरक्षितपणे गाठता येणारी फार थोडी.

दुसरा पुरावा म्हणजे ‘बरा झालेला माणूस’. फेनबेंडाझोलची जगभर गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या एका फुप्फुसाच्या कॅन्सर रुग्णाची आहे. तो त्याच काळात पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाच्या, चाचणीतही होता. मेसेज फॉरवर्ड होताना एवढीच ओळ गळते.

फेनबेंडाझोलची उलट बाजू 2021 मध्ये जपानमधून नोंदवली गेली. पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या 80 वर्षांच्या बाईंनी सोशल मीडियावर वाचून ते घेतलं आणि यकृताला इजा झाली. ते बंद केल्यावर यकृत सावरलं. गाठ मात्र लहान झाली नव्हती. गोळ्या लपवल्या की असंच गुंतत जातं. रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या इजेची खूण, वाढलेलं दिसतं, डॉक्टरांना वाटतं केमोमुळेच, मग ते डोस कमी करतात किंवा पुढची सायकल लांबवतात. इम्युनोथेरपी चालू असेल तर तिचाच दुष्परिणाम समजून स्टेरॉइडही सुरू होऊ शकतं. जे औषध काम करत होतं तेच थांबतं.

दुसऱ्या आजारांची जुनी औषधं कॅन्सरवर वापरूच नयेत असं आमचं म्हणणं नाही. टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 422 रुग्णांवर चाचणी केली. निकाल 2020 मध्ये छापून आला. एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट या जुन्या औषधाच्या गोळ्या आणि रोज सेलेकॉक्सिब, म्हणजे सांधेदुखीची साधी गोळी. गोळ्यांच्या गटाचं मध्यम आयुर्मान 7.5 महिने, सिस्प्लॅटिनच्या गटाचं 6.1. दीडेक महिन्याचा फायदा, तोही मोजून सांगितलेला. खरा पुरावा असा दिसतो, आणि ‘तीन महिन्यांत गाठ साफ’ म्हणणाऱ्याकडे तो कधीच नसतो.

मेटफॉर्मिनचं उदाहरणही लक्षात ठेवा. मधुमेहाची ही गोळी घेणाऱ्यांच्या नोंदींवरून खूप आशा होती. मग स्तनाच्या कॅन्सरच्या 3,649 रुग्णांची चाचणी झाली: 850 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, पाच वर्षं, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी. 2022 मध्ये निकाल आला. मधुमेह नसलेल्या या रुग्णांमध्ये कॅन्सर परत येण्यात फरक पडला नाही.

‘आमची ट्रायल चालू आहे’ असं कुणी म्हटलं तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीचा क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर टाकून बघा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मागितले की तिथेच विषय संपला. कॅन्सर बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करणं 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे.

घरात असं किट आलं असेल तर पाकीट, कुरिअरचं वेष्टन, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, मग अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 वर. रुग्णाने गोळ्या घेतल्या असतील तर पट्ट्या आणि डबी घेऊन त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा: कोणती गोळी, दिवसाला किती, कोणत्या तारखेपासून. ते रागावतील या भीतीने थांबू नका. पुढच्या केमोआधी यकृताची तपासणी करायची की नाही, हे त्यांना याच माहितीवरून ठरवायचं असतं.